दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणी: लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत, राहायचं कुठे?

रानजाई | सोमवार, रात्री १०.१५

भाऊबीज आटोपली की तीन रात्रींसाठी थंड हवेच्या ठिकाणी जायचं ठरतंय. आम्ही डोंबिवलीचे. सात वर्षांची लेक, अडीच वर्षांचा मुलगा, आम्ही दोघं आणि सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाईंना दमा आहे. गाडी घरची, नवरा चालवणार.

तीन पर्याय पुढे आहेत आणि रोज घरात त्यावर चर्चा होते आहे.

पहिला, महाबळेश्वरच्या बाजारपेठेजवळचं हॉटेल. दोन खोल्या, तीन वेळचं जेवण धरून दर. नवऱ्याचा कल इकडे.

दुसरा, पाचगणीत दरीकडे तोंड असलेला अख्खा बंगला. तीन बेडरूम, स्वयंपाकघर, पुढे हिरवळ. फोटो बघून माझा जीव त्यात अडकलाय.

तिसरा, माथेरान. सासरे लहानपणी दर सुट्टीत तिथे जायचे, त्यांना नातवंडांना ती छोटी आगगाडी आणि लाल माती दाखवायची आहे.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं दोन्ही घेऊन गेलेल्यांनी कृपया लिहा. ठिकाणं बघण्याच्या याद्या खूप मिळतात, राहण्याबद्दल कोणी नीट सांगत नाही.

घाटवाट | सोमवार, रात्री ११.०२

मी वाईचा, त्यामुळे या रस्त्याबद्दल हक्काने लिहितो.

आधी काय बघायचं ते ठरवा, मग राहायची जागा आपोआप सुचेल. पाचगणी ते महाबळेश्वर अंतर वीस किलोमीटरच्या आतलं, पण दिवाळीच्या शनिवार-रविवारी वेण्णा तलावापाशी गाड्यांची जी रांग लागते तिला किलोमीटरचा हिशोब लागू नाही. अडीच वर्षांचं पोर बंद गाडीत, ‘शू आली’ म्हणतंय आणि पुढची गाडी हलत नाही, हे चित्र मी दर सीझनला रस्त्यावर बघतो. रोज दोन्ही गावं करायचा बेत असेल तर तो आजच सोडा. एक दिवस महाबळेश्वर, बाकीचे पाचगणीत, किंवा उलट.

डोंबिवलीहून येताना पोलादपूरवरून आंबेनळी घाट धरू नका. रस्ता देखणा आहे, पण चढ लांबलचक आणि वळणं संपता संपत नाहीत; मुलांना हमखास उलट्या होतात. पुण्यावरून या. खंबाटकी उतरलं की सुरूरला उजवीकडे वळा, वाईत अर्धा-पाऊण तास थांबा, मग पसरणी घाट. तो चढला की थेट पाचगणीच. लहान मुलं असताना पाचगणीचा हा मोठाच फायदा आहे, मुक्काम वीस किलोमीटर आधी येतो. आणि घाटाच्या तोंडाशी मुलांना दूध पाजू नका, कोरडं काहीतरी खायला द्या.

कोथिंबीर_वडी | मंगळवार, सकाळी ७.४०

रानजाई, मी जुळ्यांची आई, तेव्हा या विषयावर मनापासून लिहिते आहे.

एक गोष्ट सगळे विसरतात. नोव्हेंबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडला की कडाक्याचा गारवा, पॉइंट बंद, आणि मुलं झोपणार नऊ-साडेनऊला. मधले तीन तास तुम्ही कुठे असणार? हॉटेलात. दुपारी धाकट्याची झोप, ते दोन तास पुन्हा हॉटेलातच. म्हणजे जागेपणीचा मोठा वेळ त्या आवारात जाणार आहे. म्हणून खोलीच्या खिडकीतून काय दिसतं याच्याआधी खोलीच्या बाहेर काय आहे ते विचारा. पळायला सपाट जागा आहे का, ती उजेडात आहे का, गाड्या तिथूनच जा-ये करतात का, छताखाली कॅरम-बॅडमिंटन असं काही आहे का. बाजारपेठेतल्या बऱ्याच हॉटेलांत खोलीचं दार उघडलं की जिना आणि जिना उतरलं की पार्किंग. तिथे अडीच वर्षांच्या मुलाला संध्याकाळभर कडेवर घेऊन बसावं लागतं.

दुसरं, दोन खोल्या घेताय तर त्या शेजारी-शेजारीच हव्यात आणि तळमजल्यावर हव्यात, हे बुकिंगच्या वेळी लिहून घ्या. ‘आल्यावर बघू’ म्हणाले तर समजा की मिळणार नाहीत. आतून दाराने जोडलेल्या खोल्या मिळाल्या तर उत्तमच. आजी-आजोबा वरच्या मजल्यावर आणि आपण खाली, अशी वाटणी झाली की मुलं दिवसभर जिन्यावर असतात आणि आपलं अर्धं लक्ष तिथेच.

दुधाचंही विचारा. खोलीतल्या किटलीत पाणी तापतं, दूध नाही. ते उतू जातं आणि करपतं. रात्री किचन किती वाजता बंद होतं, त्याआधी थर्मासात गरम दूध भरून देतील का, हे फोनवर विचारलं की समोरचा किती मुलांवाल्या कुटुंबांना सांभाळतो ते त्याच्या आवाजावरूनच कळतं.

दुपारची_सावली | मंगळवार, सकाळी ९.२०

मी बंगल्याच्या स्पष्ट विरोधात.

अख्खा बंगला म्हणजे अख्खं घर. सकाळी उठून सहा माणसांचा चहा, मग पोह्यांची तयारी, मग ‘आई, माझा टॉवेल कुठाय?’. डोंबिवलीत जे करायचं तेच पाचगणीत जास्त भाडं भरून करायचं. स्वयंपाकघर आहे म्हटल्यावर सासूबाई स्वस्थ बसणार नाहीत आणि त्या उठल्या की तुम्हाला बसता येणार नाही. तीन दिवस आयतं ताट समोर येणं ही घरातल्या बाईसाठी खरी सुट्टी असते. नवऱ्याचं ऐका, तीन वेळच्या जेवणासकट हॉटेल घ्या.

निळाई | मंगळवार, सकाळी १०.०५

सावलीताई, मुद्दा पटला, पण बंगल्यात बाईलाच राबावं लागतं असं नाही. आम्ही नेहमी बंगलाच घेतो. पाचगणीच्या बहुतेक बंगल्यांना राखणदार असतो आणि त्याच्या घरातली माणसं जेवण करून देतात. त्याचे पैसे वेगळे. पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, मुलांसाठी वरण-भात. हॉटेलात रोज पनीर आणि नान येतं, तिसऱ्या दिवशी पोरांची पोटं बिघडतात. आमच्याकडे धाकट्याला मऊ भात लागतो, तो बाराच्या ठोक्याला मिळतो की नाही यावर सगळ्यांची दुपार अवलंबून असते.

मात्र जेवणाचं सगळं आधी ठरवून घ्यायचं. सामान कोण आणणार, गॅस भाड्यात धरलाय का, भांडी कोण घासणार. ‘सगळं होतं ताई’ हे उत्तर चालवून घेऊ नका. एका बंगल्यावर आम्हाला असंच सांगितलं होतं आणि संध्याकाळी पोचलो तर राखणदार गावी गेलेला, किल्ली शेजाऱ्याकडे. मुलांना बिस्किटांवर झोपवलं. तेव्हापासून पोचायच्या आदल्या दिवशी मालकाशी नाही, राखणदाराशीच बोलते आणि रात्रीचं जेवण त्याला तेव्हाच सांगून ठेवते.

दुपारची_सावली | मंगळवार, सकाळी १०.३०

निळाई, राखणदाराच्या घरचं जेवण असेल तर माझा विरोध निम्मा मावळला. उरलेला निम्मा अजून आहे. सकाळचा चहा, दुपारचं चार वाजताचं खाणं, रात्री उशिरा कोणाला भूक लागली तर काय, हे सगळं शेवटी ओट्यापाशीच येतं. बंगला घेतलात तर निघण्याआधी नवऱ्याशी ठरवा, सकाळचा चहा आणि मुलांचं खाणं त्याच्याकडे. हे मी पूर्ण गंभीरपणे लिहिते आहे. बंगल्याच्या भाड्याइतकंच हेही आधी ठरायला हवं.

नाना_कोथरूड | मंगळवार, दुपारी १२.१०

मी या धाग्यावर आजोबांच्या बाजूने लिहितो. वय सत्तरच्या पुढे, गुडघे तुमच्या सासऱ्यांसारखेच.

आम्हाला दरी दिसली नाही तरी चालते. पायऱ्या नकोत. हॉटेलवाल्याला ‘लिफ्ट आहे का’ एवढंच विचारून भागत नाही, कारण डोंगरावरची हॉटेलं उतारावर बांधलेली असतात. रिसेप्शन रस्त्याच्या पातळीला आणि खोल्या खाली टप्प्याटप्प्याने, असं फार ठिकाणी आहे. जेवणघर आणखी वेगळ्या टप्प्यावर. तेव्हा प्रश्न असा विचारा: गाडीपासून खोलीपर्यंत आणि खोलीपासून जेवणघरापर्यंत किती पायऱ्या? आकडा सांगा म्हणावं.

बाथरूममध्ये कमोड हवा, शेजारी धरायला दांडा असला तर देवच पावला, आणि फरशी गुळगुळीत नको. गरम पाणी दिवसभर की सकाळी ठराविक वेळ, हे विचारा. अनेक ठिकाणी सकाळचे दोन-तीन तासच मिळतं. तेवढ्या वेळात दोन खोल्यांतली सहा माणसं, त्यात दोन मुलं, आंघोळ करतील का? संध्याकाळी मातीत खेळून आलेल्या पोरांचे पाय कशाने धुणार?

आणि बसायला व्हरांडा हवा. तुम्ही पोरांना घेऊन पॉइंटांवर फिरत असता तेव्हा आम्ही खोलीत टीव्ही बघत बसायला आलेलो नसतो. जुन्या बंगल्यांना जो लांब, वर छप्पर असलेला व्हरांडा असतो, तिथे वेताच्या खुर्चीत स्वेटर घालून बसलं की आमची सहल झाली. नातू अंगणात आणि आम्ही त्याला बघतोय, याहून जास्त काही नको. तुमच्या सासऱ्यांना विचारा, तेही हेच म्हणतील.

घाटवाट | मंगळवार, दुपारी १२.४५

नाना, अगदी. यात एक भर घालतो, सासूबाईंच्या दम्यासाठी फार महत्त्वाची.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणी त्याच डोंगररांगेवर, पण पूर्वेला सरकलेली, म्हणून तिथे साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. वाईत उतरलात की आणखी कितीतरी कमी. याचा राहण्याशी संबंध असा की महाबळेश्वरच्या पुष्कळ खोल्या पावसाळाभर बंद असतात, भिंती ओल पितात आणि दिवाळीत सीझन उघडला की त्या पहिल्यांदा उघडल्या जातात. गाद्यांना, पडद्यांना, जाड ब्लँकेटांना कुबट वास येतो. कपाट उघडलं की बुरशी. दम्याच्या माणसाची पहिली रात्र त्यातच वाईट जाते. रंग नवा दिसतो म्हणून फसू नका, ओलीवरूनच रंग मारलेला असतो.

म्हणून पूर्वेकडच्या किंवा दक्षिणेकडच्या, ऊन येणाऱ्या खोल्या मागा. झाडीत लपलेली, कायम सावलीतली कॉटेज फोटोत सुंदर दिसते, पण दिवाळीत ती दम्याच्या माणसाला देऊ नये. पोचल्यावर सामान उतरवण्याआधी सासूबाईंनाच खोलीत पाठवा. त्यांनी नाक मुरडलं तर लगेच बदलून मागा, कारण संध्याकाळी हॉटेल भरल्यावर कोणी बदलून देत नाही. पांघरुणं घरची न्या, गाडीत जागा होते.

औषधपाणी: महाबळेश्वरला ग्रामीण रुग्णालय आहे, पाचगणीजवळ बेल-एअर रुग्णालय. मुक्कामापासून दोन्हीपैकी जवळचं कोणतं आणि रात्री तिथे पोचायचा रस्ता कसा, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवावं.

टांगेवाला | मंगळवार, दुपारी ३.३०

माथेरानची बाजू कोणी घेतच नाही, म्हणून मी घेतो. दर वर्षी जातो.

मुलांना गाड्यांची भीती न बाळगता रस्त्यावर मोकळं सोडता येईल असं गाव महाराष्ट्रात दुसरं दाखवा. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात, पुढे सगळं पायी, घोड्यावर किंवा ई-रिक्षाने. नेरळहून वर येणारी छोटी गाडी १९०७ पासूनची, दोन फुटांच्या रुळांवर डोंगर वळसे घेत चढते. ती बघताना तुमच्या लेकीचा चेहरा जो होईल तो पाचगणीत होणार नाही.

पण माथेरानला राहायची जागा निवडताना एकच गोष्ट बघायची, दस्तुरीपासून किंवा स्टेशनपासून अंतर. दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. दस्तुरीजवळच अमन लॉज स्टेशन आहे, तिथून माथेरान स्टेशनपर्यंत शटल गाडी मिळते आणि ती पावसाळ्यातही चालते. नेरळहून सुटणारी गाडी पावसाळ्यात बंद असते, दिवाळीच्या सुमारास सुरू होते, तेव्हा तुमच्या तारखांना ती सुरू आहे का ते आधी बघा. हॉटेल स्टेशनच्या आसपास घेतलं तर सासऱ्यांना जवळजवळ चालावं लागणार नाही. तेच एखाद्या पॉइंटजवळचं लांबचं हॉटेल घेतलं तर प्रत्येक वेळी घोडा किंवा पायपीट. एमटीडीसीचं (महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं) निवासस्थान दस्तुरीच्या बाजूला आहे, सामान घेऊन पोचायला सोपं, पण बाजारपेठ तिथून लांब पडते.

हातरिक्षांचा भरवसा धरू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसांनी ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. योग्यच झालं. त्या चढावर माणूस माणसाला ओढतोय हे बघवत नव्हतं.

मुलांची ढकलगाडी नेऊ नका, मातीत चाकं रुततात. पाठीवर बांधायची झोळी न्या.

कोथिंबीर_वडी | मंगळवार, दुपारी ४.१५

टांगेवाला, माथेरान मलाही फार आवडतं, पण दमा असलेल्या आजींना घेऊन नको. घोड्यांच्या टापांनी लाल धूळ उडते. पावसानंतर महिनाभर ती बसलेली असते, दिवाळीच्या गर्दीत पुन्हा उठते. शिवाय माकडं. मुलाच्या हातातलं केळं डोळ्यांदेखत नेतात आणि मूल घाबरून तीन दिवस हातात काही धरत नाही. तिथे खोली घेताना खिडक्यांना जाळी आहे ना ते जरूर बघावं, आणि गच्चीला लागून असलेली खोली टाळावी.

माझं म्हणणं, सासऱ्यांची इच्छा अर्धवट पूर्ण करू नका. जानेवारीत किंवा फेब्रुवारीत साध्या सोमवार-मंगळवारी, फक्त ते, तुम्ही आणि लेक असे एका रात्रीसाठी माथेरानला जा. आजोबा आणि नात असं जोडीने त्या गाडीत बसतील. गर्दीत, कडेवर रडणारं बाळ घेऊन ते व्हायचं नाही.

टांगेवाला | मंगळवार, दुपारी ४.४०

हे पटलं. आजोबा-नातीची जोडी हीच माथेरानची खरी मजा. रानजाई, तसंच करा.

कडेकपारी | मंगळवार, रात्री ८.५०

मी स्थापत्य अभियंता आहे आणि सुट्टीवर गेलो तरी नजर कठड्यांकडेच जाते. दरीकडचा बंगला म्हणताय म्हणून तळमळीने लिहितोय.

फोटोत दरी दिसते, कठडा दिसत नाही. मालकाला कठड्याचा फोटो मागा. दोन गोष्टी बघा: उंची मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर हवी आणि गज उभे हवेत. आडवे गज असले की मुलासाठी ती शिडीच. उभ्या गजांमधलं अंतर चार बोटांपेक्षा फार जास्त नको, मुलाचं डोकं आत गेलं की बाहेर येत नाही. हल्ली काचेचे कठडे आले आहेत, ते चालतील, पण खाली फट किती सोडली आहे ते विचारा. आणि गॅलरीत खुर्ची-टेबल असेल तर पोचल्या पोचल्या आत आणून ठेवा.

हिरवळीच्या कडेला कुंपण आहे का? पाचगणीत अनेक बंगल्यांची हिरवळ थेट उतारावर संपते, मध्ये फक्त मेंदीचं किंवा फुलझाडांचं कुंपण. मोठ्यांना ते पुरतं, धावणाऱ्या मुलाला नाही. दरीकडे कुंपण नसेल तर तो बंगला अडीच वर्षांच्या मुलासाठी नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

पोहण्याच्या तलावाचंही तेच. नोव्हेंबरात पाणी बर्फासारखं, कोणी उतरत नाही, म्हणून तिथे लक्ष ठेवायलाही कोणी नसतं. तलावाला दार असलेलं कुंपण नसेल तर तलाव असलेलं हॉटेल न घेतलेलंच बरं. मुलांसाठी तलाव म्हणून आपण जास्त पैसे मोजतो आणि तीन दिवस त्याच्यापासून मुलाला राखत बसतो.

नाना_कोथरूड | मंगळवार, रात्री ९.१५

कडेकपारी, हे छापून घ्यावं असं लिहिलंत. आमच्या पिढीने यातलं काहीच बघितलं नाही आणि देवाच्या कृपेने निभावलं.

रानजाई | बुधवार, रात्री ९.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज फोन करत होते, ते सांगते.

माथेरानचं कोथिंबीर_वडी म्हणाल्या तसंच ठरलं. सासऱ्यांना सांगितलं, ‘बाबा, जानेवारीत तुम्ही, मी आणि ताई, फक्त आपण तिघं.’ ते इतके खूश झाले की लेकीला आत्ताच गाडीच्या गोष्टी सांगायला लागलेत.

पाचगणीच्या बंगल्याच्या मालकांना कठड्याचा फोटो मागितला. आधी ‘आजपर्यंत कोणी विचारलं नाही’ म्हणाले, मग पाठवला. गज आडवे. हिरवळीला मेंदीचं कुंपण आणि पलीकडे उतार. जड मनाने तो सोडला.

महाबळेश्वरच्या हॉटेलला पायऱ्या विचारल्या. गाडीपासून खोलीपर्यंत बावीस, जेवणघर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेजारच्या खोल्या ‘बघू’ म्हणाले. तेही बाद.

आता प्रश्न पुन्हा पहिल्याच जागी आलाय. पाचगणीतच राहायचं एवढं मात्र ठरलं. दोन नवीन जागा हाती आहेत. एक जुना बंगला, ज्याचं आता छोटं हॉटेल केलंय. सगळ्या खोल्या तळमजल्यावर, पुढे लांब व्हरांडा, मध्ये अंगण, दरी अजिबात दिसत नाही. जेवण तिथेच, साधं, शाकाहारी. दुसरी, पाचगणीजवळच्या भिलार गावात घरगुती निवास, दोन खोल्या आणि घरचं जेवण. कोणी राहिलंय का तिकडे?

निळाई | बुधवार, रात्री १०.२०

भिलारला नक्की विचार करा! ते पुस्तकांचं गाव. ४ मे २०१७ ला सुरू झालं. गावातल्या घरांमध्ये, देवळात, शाळेत पुस्तकं मांडून ठेवली आहेत, प्रत्येक घरात वेगळा विषय. बालसाहित्याचं घरही आहे. कोणीही जावं, बसावं, वाचावं, पैसे नाहीत. तुमच्या लेकीचं वय अगदी त्याचंच. आम्ही तिथे एक अख्खी दुपार काढली, आमची मोठी ओसरीवर पालथी पडून वाचत होती आणि घरातल्या काकूंनी न मागता सगळ्यांना चहा दिला. गावाभोवती स्ट्रॉबेरीची शेतं. दिवाळीत रोपं लावून झालेली असतात, फळं मात्र नोव्हेंबरअखेर, खरी बहार डिसेंबरपासून. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर हिरमुसेल.

घाटवाट | बुधवार, रात्री १०.४५

भिलार फिरायला जरूर जा, पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना डावीउजवीकडे फार वाकडी वाट करावी लागत नाही. मुक्कामाला मात्र तुमच्या कुटुंबासाठी मी अंगणवाला जुना बंगला निवडेन. घरगुती निवासात माणसं जीव लावतात, यात शंका नाही, पण बाथरूम खोलीला जोडून आहे का, कमोड आहे का, हे घरागणिक बदलतं. रात्री सासऱ्यांना बाहेर जावं लागलं तर थंडीत हाल होतील. फोन करून ते विचारा, दोन्ही ‘हो’ असतील तर मग तुमची मर्जी.

बंगल्यातून दरी दिसत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. दरी बघायला टेबललँड आहे. जांभ्या दगडाचं एवढं मोठं सपाट पठार की मुलं दमेपर्यंत पळतात. फक्त कडेपासून लांब ठेवा. सकाळी लवकर जा, घोडागाड्यांची गर्दी व्हायच्या आत. महाबळेश्वरचा दिवस सोमवार ते गुरुवारमध्ये टाका आणि सात वाजता निघा. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ सासू-सासऱ्यांना दाखवा. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, पाच नद्यांचं पाणी गोमुखातून पडतं, मुलांनाही ते बघायला आवडतं. अकराच्या आत परत फिरलात तर वेण्णा तलावावरची गर्दी चुकते. प्रतापगड या वेळी नको, पायऱ्या फार.

दुपारची_सावली | बुधवार, रात्री ११.००

अंगण, व्हरांडा, तळमजला आणि आयतं जेवण. माझंही मत त्यालाच, आणि यात कोणालाच ओट्यापाशी उभं राहावं लागणार नाही.

पैसे भरताना एक काळजी घ्या. हॉटेलांच्या नावाने खोट्या वेबसाइटी असतात, फोटो खरे, फोन नंबर भलताच. नंबर गुगलवरच्या जाहिरातीतून घेऊ नका. आगाऊ रक्कम एखाद्या माणसाच्या खाजगी खात्यावर मागितली, ‘आत्ता भरा नाहीतर खोली जाईल’ अशी घाई केली, तर थांबा. हॉटेलच्या लँडलाइनवर उलट फोन करा, अंगणाचा आत्ता काढलेला फोटो मागा. एमटीडीसीचं असेल तर फक्त त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाचे पैसे, जादा गादीचे पैसे, दिवाळीचा वेगळा दर, सगळं धरून अंतिम रक्कम मेसेजवर लिहून घ्या. खोली सोडायची वेळही विचारा. डोंगरावरच्या काही हॉटेलांत ती सकाळी नऊची असते, आणि तेव्हा धाकटा आंघोळीच्या बादलीत बसलेला असतो.

रानजाई | गुरुवार, दुपारी २.१०

अंगणवाला बंगला नक्की केला! दोन शेजारच्या खोल्या, लिहून घेतल्या. शनिवार-रविवार टाळून सोमवारी निघायचं, त्यामुळे दरही उतरला. व्हरांड्यापर्यंत तीन पायऱ्या, आत एकही नाही. गरम पाणी सकाळी आणि संध्याकाळी. फोनवरच्या बाईंना दुधाचं विचारलं तर म्हणाल्या, ‘बाळासाठी ना? रात्री कधीही उठवा.’ तिथेच माझं ठरलं.

शेवटचे दोन प्रश्न. पलंग उंच आहेत आणि धाकटा झोपेत लोळतो. आणि येताना वाईत थांबायचं तर मुलांना पाय मोकळे करायला नेमकं कुठे?

कोथिंबीर_वडी | गुरुवार, दुपारी २.३५

त्यांना आत्ताच सांगून एक गादी जमिनीवर घालून घ्या, भिंतीच्या कोपऱ्यात. खाली सतरंजी किंवा जाड चादर घाला, फरशी फार गार असते. पलंगाला खुर्च्या लावून भागत नाही, मूल मधल्या फटीतून सरकतं.

घाटवाट | गुरुवार, दुपारी ३.००

जाताना वाईत ढोल्या गणपतीच्या घाटावर थांबा. कृष्णेचा काठ, दगडी पायऱ्या, मुलांना पाणी दिसतं. सासरे वरच बसू शकतात. धाकट्याचा हात मात्र सोडू नका. परतताना वेळ असला तर वाईहून तीन-चार किलोमीटरवर मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली नदीचा घाट, तिथली मोठी घंटा लेकीला दाखवा. पसरणी घाट उतरल्यावर पोटं ढवळलेली असतात, अर्धा तास तिथे गेला की पुण्यापर्यंत मुलं शांत झोपतात.